थंड इंजिनाचा दुसरा गिअर
आमचा दादा म्हणजे अतिशहाणा. सात पिढ्यांची अक्कल एकट्याच्या वाट्याला आलेली, त्यामुळे बाकीच्यांनी नुसती मान हलवायची.

बाबांच्या गॅरेजमध्ये दोनच गाड्या. दोन्ही दोन सीटच्या, शर्यतीच्या घराण्यातल्या, वयाने माझ्याहून मोठ्या. जर्मन गाडी शिस्तीची. चावी फिरवली की सुरू, दार लावलं की खट्ट. ती दादाची लाडकी. लाल इटालियन मात्र महामाया! सकाळी खोकायची, धूर ओकायची आणि इंजिन तापल्याशिवाय दुसरा गिअर पडूच द्यायची नाही. बाबा पहिल्यावरून थेट तिसऱ्यावर जायचे. "जर्मनला नुसतं चालवायचं," म्हणायचे, "हिची मनधरणी करावी लागते."

बाबांची नजर गेल्यापासून दर रविवारी मी त्यांना इटालियनमध्ये बसवते. गॅरेजचं शटर वर करून इंजिन सुरू करायचं. मग ते क्लच दाबून जागच्या जागी गिअर टाकत बसतात आणि हसतात. आठवड्यात तेवढंच हसतात.

मी कामासाठी बाहेरगावी गेले आणि दादाने डाव साधला. इटालियनला नवा सायलेन्सर, सीटना नवं चामडं, इंजिन आणि गिअरबॉक्स उघडून आतले भाग नवे.

"आता जर्मनच्या तोंडात मारेल अशी झालीय," तो म्हणाला.

"आणि जुनं सामान?"

"भंगारात दिलं. काय करायचं होतं त्याचं?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "कुणाला विचारून केलंस?"

"अगं, बाबांना सरप्राइज! तू बोलू नकोस हं."

रविवारी त्यानेच बाबांना हात धरून बसवलं. गाडी पहिल्याच झटक्यात सुरू झाली. खोकला नाही, धूर नाही. बाबांनी सीटवर हात फिरवला, वास घेतला. मग थंड इंजिनावरच दुसरा गिअर टाकून पाहिला. तो निमूट पडला.

बाबांनी चटकन हात मागे घेतला.

"छान ठेवलीय रे. कुणाची आहे?" ते म्हणाले. मग मला हाक मारली, "चल गं, आता आपल्या गाडीत बसव."

दादा माझ्याकडे बघायला लागला. "तू सांग ना त्यांना."

"आता का जीभ झडली?" मी ओरडले. "तूच सांग, कुठं गेली त्यांची गाडी!"

आमची वाट न बघता बाबा उतरले आणि हात पुढे करून तिला शोधायला लागले. आधी जर्मन लागली. तिला वळसा घालून ते पुढे गेले. पुढे भिंत होती.