मागून हाक

वेसाव्याच्या मासळीबाजारात पुतळाबाईची एक ख्याती होती. उठून चाललेल्या गिऱ्हाइकाला तिने जन्मात कधी मागून हाक मारली नव्हती. "नको तं नको, जा," म्हणायची आणि कोयता पुसत बसायची. गिऱ्हाईकच चार पावलांवरून मुकाट परत यायचं. तिची एकुलती लेक कल्पिता मासळी कापायच्या याच पाटाशेजारी वाढली. नर्सिंगची पदवी नंतर मिळाली, घासाघिशीचं हे शिक्षण त्याआधीच पूर्ण झालं होतं.

आता तिच्यापुढे दोन वाटा होत्या. अंधेरीच्या हॉस्पिटलातली नोकरी तर हातातच होती. शिवाय जर्मनीतलं एक हॉस्पिटल पगार देऊन शिकवायला आणि कामाला घ्यायला तयार होतं. नर्सिंगला बरोबर असलेली घाटकोपरची मैत्रीण माधुरी आणि ती महिनाभर वडापाव खात त्याचाच कीस पाडत होत्या. थंडी सोसेल का? भाषा जमेल का? बोंबील मिळतील का? शेवटी दोघींचं जायचंच ठरलं.

मुलाखत व्हिडिओवर होती. त्या हॉस्पिटलातल्या जर्मन बाईंनी माधुरीला जानेवारीत यायला सांगितलं, माधुरी हो म्हणाली, विषय संपला. मग कल्पिताची पाळी. बाई तिच्यावरही खूश झाल्या. "जानेवारीत या!"

पहिल्याच बोलीला मान डोलवायची? पुतळाबाईच्या लेकीने? "जानेवारीत नाही जमणार," कल्पिता तोऱ्यात म्हणाली. बाई फेब्रुवारी म्हणतील, आपण जरा ताणू, मग मार्चवर मिटेल, म्हणजे शिमगा खेळूनच जाता येईल, असा तिचा बेत. बाई म्हणाल्या, "अरेरे, मग राहू द्या. शुभेच्छा!" आणि पडदा काळा झाला.

कल्पिता फोनकडे बघत बसली. कोणी परत बोलावलं नाही.

"येडी झालीस का यार?" माधुरी फोनवर ओरडली. "ती काय पापलेट घ्यायला आली होती? लाव फोन परत!"

"नाही लावणार. आमच्यात मागून हाक मारत नाहीत."

संध्याकाळी बाजारात आईला सांगताना मात्र तिला रडू कोसळलं. एवढं हवं होतं ते आपल्याच तोऱ्याने घालवलं होतं. ऐकताना क्षणभर आईचा चेहरा सैल झालेला तिने पाहिला. लेक आता जाणार नाही, हे सुख त्यावर स्पष्ट होतं. मग पुतळाबाईने मान खाली घातली.

तेवढ्यात धोंडिराम मास्तर सरंग्याचा भाव ऐकून वळले आणि चालू लागले. पुतळाबाई ताडकन उठली.

"ओ मास्तर! या परत! तुमी म्हनता त्या भावात न्या!"

बाजार थबकला. शेजारच्या विमलाच्या हातातली कोलंबी तशीच राहिली. मास्तर तर घाबरलेच. "ताजा आहे ना गं?"

"बगलंस?" पुतळाबाई लेकीला म्हणाली. "मारली हाक, माजं काय गेलं? तुना जायाचंय ना? मंग तू पन मार."

"आणि तू, आये?"

"मी हाय इथंच." हात मासळीचे होते, म्हणून तिने कोपराने डोळे पुसले.

कल्पिताने बोंबलांच्या टोपलीशेजारी उभं राहूनच फोन लावला. "येते, जानेवारीत येते!" बाई हसल्या. तिची जागा अजून रिकामीच होती.

जानेवारीत विमानतळावर ती माधुरीबरोबर दाराकडे निघाली, तेव्हा मागून खणखणीत हाक आली.

"कल्पेऽऽ! शिकून परत ये गो!"

सगळे वळून बघायला लागले. कल्पिता चार पावलं मुकाट परत आली आणि आईच्या गळ्यात पडली.