ऊबपेटीतल्या विसराळू पेशी

मित्रांनो, ही हकिकत एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी सालची. तुमच्यातल्या कित्येकांचे आईवडील तेव्हा शाळेत जात असतील. मी एक जुनी ऊबपेटी आहे. अंडी उबवणाऱ्या पेटीची मी लांबची मावसबहीण. माझ्या पोटात मात्र अंडी नव्हती, जिवंत पेशी होत्या.

माझ्या भिंती पोलादाच्या आणि दुहेरी, मध्ये कोमट पाणी. आत काचेचं दार, बाहेर जाड दार, त्याला रबराची किनार. तळाशी पाण्याचं ताट, म्हणजे आतली हवा कोरडी पडू नये. मला प्रयोगशाळेत आणलं त्या दिवशी सगळे नव्या सुनेभोवती जमावेत तसे जमले. दर थोड्या वेळाने कुणीतरी येऊन माझा काटा बघून जाई. माणसाच्या अंगाइतकी ऊब मी धरून ठेवली, आणि माझं कौतुक झालं. पुढे एका थंडीत कुणीतरी ओले हातमोजे माझ्यात वाळत घातले, तेव्हा प्रयोगशाळेच्या प्रमुख बाई इतक्या कडाडल्या, की मलाच ओशाळल्यासारखं झालं.

माझ्या फळ्यांवर चपट्या बाटल्या असत. त्यांत गुलाबी खाद्यद्रव आणि तळाला चिकटलेल्या उंदराच्या एका ग्रंथीच्या पेशी. त्यांची देखभाल मामा करत. ते कुणाचे सख्खे मामा नव्हते, पण सगळ्यांचे मामा होते. दार उघडलं की आधी म्हणत, "काय पोरांनो, जेवलात का?" पेशी भराभर वाढल्या की गुलाबी द्रव पिवळट होतो. तसा तो झाला की मामांचा चेहरा खुले.

या पेशींचं काम मोठं नाजूक. शरीरात एका अवयवाचा निरोप दुसऱ्याला पोचवणारी द्रव्यं असतात, ती संप्रेरकं. पेशी संप्रेरक थेट बनवत नाही. आधी एक लांबलचक प्रथिन बनवते, ते पूर्वसंप्रेरक. त्याचे तुकडे झाले की खरं संप्रेरक निघतं. हे पूर्वसंप्रेरक पेशीतल्या चपट्या पिशव्यांच्या एका चळतीतून पुढे सरकतं. शेवटच्या पिशवीत आणखीही पुष्कळ प्रथिनं येऊन पोचलेली असतात, आणि तिथे वाटा फुटतात. काही प्रथिनं लगेच पेशीबाहेर पडतात. पूर्वसंप्रेरक मात्र बारीक पुड्यांत बांधून आत साठवायचं, आणि बाहेरून इशारा आला की मगच पुड्या सोडायच्या. आता सांगा, ना डोळे ना कान असलेल्या पेशीला कुणाला कुठे धाडायचं ते कळतं कसं?

याच प्रश्नापायी ताई आमच्याकडे आली होती. बारीक अंगाची, मोठ्याने हसणारी. तिचं म्हणणं असं, की पूर्वसंप्रेरकाच्या टोकाला एक छोटा भाग असतो आणि तोच त्याचा पत्ता. जनुकात बदल करून तिने तो भाग नसलेलं पूर्वसंप्रेरक माझ्यातल्या पेशींकडून बनवून घेतलं. बाटलीतला द्रव तपासला, तर इशारा न देताच ते बाहेर गळत होतं. पत्ता गेला, वाट चुकली! ताई आनंदाने मामांना म्हणाली, "मामा, पोरं पास झाली!"

बाईंनी तिला वर्षाच्या मोठ्या सभेत बोलायला सांगितलं. तिच्या नोकरीची मुदत संपत आली होती. सभेत काम नावाजलं गेलं तर ती वाढणार, नाहीतर सामान आवरायचं, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

सभेत दाखवायला अखंड, म्हणजे टोक न तोडलेल्या, पूर्वसंप्रेरकाच्या प्रयोगाचा फोटोही हवा होता. जुना पुसट आला होता, म्हणून ताईने तो प्रयोग नव्याने केला. आणि पाहते तर काय, अखंड पूर्वसंप्रेरकही गळत होतं! इशारा दिला तरी वेगळं काहीच घडेना. पेशींत पुड्याच उरल्या नव्हत्या.

ती माझ्यासमोर स्टूल ओढून बसली. मामा ताट भरायला आले.

"मामा, पुढे वाढवायला कुठली बाटली घ्यायची, हे कसं ठरवता?"

"त्यात काय ठरवायचं? जी लवकर भरते ती. मरतुकड्या कशाला पोसायच्या?"

"आणि मंद वाढणाऱ्या?"

"टाकून देतो. का हो, काही चुकलं का?"

ताईला उलगडा झाला. पुड्या बांधायला पेशीचा जीव खर्ची पडतो. ज्या पेशींनी ते काम सोडलं, त्या मोकळ्या होऊन भराभर वाढल्या. दर खेपेला नेमक्या त्याच निवडल्या गेल्या. महिनोन्‌महिने मी ज्यांना ऊब दिली, त्या गुटगुटीत पेशी आपला धंदा विसरून बसल्या होत्या.

मामांचा चेहरा उतरला. "म्हणजे मीच बुडवलं तुम्हाला."

"छे हो. साठवणाऱ्या पेशी जपा, असं आम्ही कुणी सांगितलं तुम्हाला? आणि अखंड नि तोडलेलं, दोन्ही मी एकाच वेळी तपासायला हवं होतं. तरुण पेशींचा जुना निकाल हाताशी धरून बसले."

बाईंना बोलावून तिने तिथेच सगळं सांगितलं. बाई दाराला टेकून उभ्या राहिल्या.

"सभा तोंडावर आली आहे. तुझं म्हणणं खरंही निघेल. आत्ता बोल, मग सावकाश तपास."

"बाई, दोन्ही गळतायत. मग तोडण्याला कसा बोल लावू?"

"नोकरीचं काय?"

"ते मला माहीत आहे हो. पण उभी राहून खोटं नाही बोलता यायचं."

बाई म्हणाल्या, "तू बोलणार नाहीस, असं कळवते मी सभेच्या लोकांना." आणि लगबगीने निघून गेल्या.

मग अगदी सुरुवातीला गोठवून ठेवलेल्या, पुड्या बांधणं न विसरलेल्या पेशी बाहेर काढल्या. त्या इतक्या हळू वाढत, की मामा रोज उसासत, "अगं बायांनो, हला जरा!" पण टाकून दिल्या नाहीत. ताईने दोन्ही प्रयोग शेजारी शेजारी केले. तोडलेलं पूर्वसंप्रेरकही पुड्यांत नीट साठलं! तिने ज्याला पत्ता म्हटलं, तो पत्ता नव्हताच. मग तिने औषध घालून त्या शेवटच्या पिशवीतला सौम्य आंबटपणा घालवला. तेव्हा मात्र दोन्ही गळू लागली. त्या आंबटपणात पूर्वसंप्रेरकाचे रेणू एकमेकांना बिलगून गोळा होतात आणि त्या गोळ्यांभोवती पुडी बांधली जाते, असं तिला वाटू लागलं. हेच सगळं उत्तर असेल असं मात्र ती कधी म्हणाली नाही. "आणखीही काही असणार," म्हणे.

तिची मुदत वाढली नाही. शेवटच्या दिवशी तिने माझं ताट स्वतः घासलं, दार हलकेच लावलं आणि गेली.

पुढे ती एका रुग्णालयात मुलांच्या रक्तातली संप्रेरकं तपासू लागली. वाढ खुंटलेल्या मुलांच्या आया तिला नावाने ओळखत, असं ऐकलं. बाई निवृत्त झाल्या. शेवटी शेवटी ऐकू येत नसे, पण नव्या मुलांना दोन्ही प्रयोग एकाच वेळी करायला लावण्यात त्यांनी कधी कसूर केली नाही. मामांनी पुढे मंद बाटल्यांसाठी माझी वरची फळी राखून ठेवली. त्यांच्या मुलीने त्यांना आपल्याकडे नेलं, तेव्हा ती फळी कुणासाठी, हे ते नव्या माणसाला दोनदा समजावून गेले.

आता मी जिन्याखाली उभी आहे. माझ्यात रिकाम्या बरण्या ठेवतात. रबर फाटलं, पाणी आटलं. तक्रार नाही, कामाची वर्षं चांगली गेली. पण मित्रांनो, तुमच्या हाती कधी एखादा जीव सांभाळायला आला, तर तो किती झपाट्याने वाढतो एवढ्यावरच भुलू नका. जवळ बसा, त्याचं काम काय ते विचारा, आणि जो मागे पडतोय त्याला फेकण्याआधी एकदा नीट बघा.