अकराचे साडेआठ

"एवढं मोठं साडेआठ लिहिलंय, तेही दिसलं नाही तुम्हाला?" मी भर दवाखान्यात बाबांवर ओरडले. मोतीबिंदूच्या ऑपरेशनला ते उपाशीपोटी साडेदहाला पोचले होते. पाळी गेली ती गेलीच, पुढची तारीख तीन आठवड्यांनी. मी माझा फोन त्यांच्या नाकासमोर धरला.

बाबांनी डोळे बारीक केले. "असेल गं. मी अकरा वाचलं. डोळेच गेले म्हणायचे."

फोनवरचं ते वेळांचं पान मीच बनवलेलं, म्हणून तर जास्त झोंबलं. दवाखान्याच्या वेळा नेटवर दाखवायचं काम माझं. आमचा सर्व्हर दोन गोष्टी एकत्र पाठवतो: एक लिहून तयार पान, कुठल्याही फोनवर लगेच उघडणारं, आणि त्याच्याच पोटात नुसती माहिती, ती वाचून फोन पानावरचे आकडे बदलतो. माझं काम तपासणाऱ्या बाईंना मी मास्तरीणबाई म्हणते. त्या कानीकपाळी ओरडत होत्या, "वेळांची नोंद एकदाच वाच, दोन्ही त्यातूनच काढ." पण ऐकेन तर शपथ! पान झटपट उघडावं म्हणून मी कालचंच तयार पान साठवून पाठवायचे, माहिती तेवढी ताजी. माझ्या फोनवर डोळ्याचं पातं लवायच्या आत आकडा बदलायचा, म्हणून चूक मला कधी दिसलीच नाही.

घरी आल्यावर बाबांनी घड्याळदुरुस्तीची पेटी माळ्यावर टाकली. चाळीस वर्षांचं काम. "आता काय दिसणार आहे," एवढंच म्हणाले.

नवी तारीख त्यात टाकावी म्हणून मी त्यांचा फोन घेतला. तो इतका जुना की आकडे बदलणारा भाग त्यावर चालतच नाही. सकाळचं पान तसंच उघडं होतं. अकरा. आदल्या रात्री दवाखान्याने अकराचे साडेआठ केले, ते या फोनवर पोचलंच नव्हतं.

आधी ते साठवलेलं जुनं पान काढून टाकलं. आता एकदाच वाचायचं आणि त्यातूनच पान अन् माहिती दोन्ही. मग बाबांसमोर जाऊन बसले.

"बाबा, चूक माझी होती. तुमच्या फोनवर अकराच आहे. तुम्ही बरोबर वाचलं होतं."

त्यांनी मला चांगलं फैलावर घ्यावं असं वाटत होतं. त्यांनी भलतंच विचारलं.

"म्हणजे मला वाचता येतंय अजून?"

"येतंय, बाबा."

ते उठले आणि स्टूल ओढत माळ्याखाली नेऊ लागले.

"थांबा, मी काढते पेटी," मी म्हणाले.