उशीखालचा फोन

सरांनी पलंगावरची उशी घेतली, टेलिफोनवर ठेवली आणि दोन्ही हातांनी दाबून नीट बसवली. मग खिडकीजवळच्या खुर्चीत जाऊन बसले. फोन अजून वाजला नव्हता. वाजेलच असंही नव्हतं. पण आज रविवार होता, आणि रविवारी फोन वाजला की ते धावत सुटत. तेच त्यांना मोडायचं होतं.

धावत सुटत म्हणजे अगदी धावतच. गेल्या रविवारी आंघोळ अर्धवट टाकून, अंगावर साबण तसाच ठेवून ते बाहेर आले, तर फोन निघाला पाणी शुद्ध करायची मशीनं विकणाऱ्या कुणा मुलीचा. फरशीवर ओल्या पायांनी उभं राहून त्यांनी तिचं सगळं ऐकून घेतलं आणि सभ्यपणे नको म्हटलं. फोन ठेवल्यावर मात्र त्यांना स्वतःचीच इतकी लाज वाटली की अंग पुसायचंही सुचलं नाही.

लेक दूरच्या शहरात होती. तिचा फोन कधी रविवारी येई, कधी भलत्याच वारी, कधी महिना उलटला तरी नाही. बायको होती तोवर फोन हे तिचं खातं होतं. मायलेकी तास तास बोलत, आणि शेवटी “बाबांना देऊ का?” असं विचारलं गेलं की सर पेपरामागून हातानंच नको म्हणत. बायको गेली आणि फोन त्यांच्या वाट्याला आला. “जेवलात?” “जेवलो.” “गोळ्या घेताय ना?” “घेतोय.” झालं, संपलं. एवढ्यासाठी हा माणूस आठवडाभर कान टवकारून बसत होता.

सरांनी उभी हयात कॉलेजात मानसशास्त्र शिकवलं होतं. विभागाच्या भिंतीवर या शास्त्रातल्या थोरामोठ्यांचे फोटो होते. घंटेच्या आवाजावर कुत्र्याच्या तोंडाला पाणी आणणारा एक दाढीवाला, माणसांना कोचावर झोपवून त्यांची स्वप्नं ऐकणारा दुसरा दाढीवाला, आणि खोक्यात कबुतरं ठेवून त्यांना चोचीनं बटण दाबायला शिकवणारा उंच कपाळाचा एक. सरांचा सगळा जीव या तिसऱ्यावर. मन नावाची भानगडच त्यांना नको होती. “मन कुणी पाहिलंय?” ते वर्गात विचारत. “वागणं दिसतं. दिसतं तेवढं मोजा आणि गप्प बसा.” कोचवाल्या पंथाच्या सहकाऱ्याशी त्यांचे चहाच्या टेबलावर रोज खटके उडत. पोरं पाठीमागे त्यांना कबुतर सर म्हणत. ते त्यांना ठाऊक होतं आणि, खरं सांगायचं तर, आवडतही होतं.

कबुतराला दर वेळी दाणा मिळत गेला, तर दाणा बंद झाल्यावर ते लवकरच बटणाचा नाद सोडतं. पण दाणा कधी मिळाला, कधी नाही, आता मिळेल की मग याचा काही भरवसाच नाही, असं झालं तर ते खुळ्यासारखं चोच मारत राहतं. सरांनी हे फळ्यावर आलेख काढून कित्येक वर्षं शिकवलं होतं. गेल्या रविवारी साबणाचं पाणी डोळ्यांत गेलं तेव्हा त्यांना तोच आलेख आठवला, आणि खोक्यात सध्या कोण बसलंय तेही कळलं.

उपाय त्यांच्याच शास्त्रात होता. दाणा कायमचा बंद. फोन घ्यायचाच नाही. काही दिवसांत कान टवकारणं आपोआप सुटेल, आंघोळ निवांत होईल, आणि उरलेलं आयुष्य कुणाची वाट न पाहता जाईल. म्हणून ती उशी.

फोन वाजला. उशीखालून त्याचा आवाज शेजारच्या घरातून आल्यासारखा येत होता. सरांनी खुर्चीचे हात घट्ट धरले. वाजून वाजून तो थांबला आणि लगेच पुन्हा सुरू झाला. लेक कधी लागोपाठ फोन करत नसे. तो थांबला, पुन्हा वाजला. मग तर थांबेचना.

सर गालातल्या गालात हसले. हेही ते शिकवत आले होते. सवय मरण्याआधी एकदा उसळी खाते. दाणा बंद झाला की कबुतर आधी दुप्पट जोरानं चोच मारतं. जो या उसळीला घाबरला, त्याची सगळी मेहनत पाण्यात. इथं चोच पलीकडून मारली जातेय हे त्यांच्या लक्षात आलं नाही असं नाही, पण नियम तो नियम.

मग फोन गप्प झाला. घरात काही म्हणजे काही वाजेना. सर वाट पाहत राहिले, आणि आपण पुन्हा वाट पाहतोय हे कळून चिडले. ही शांतता त्यांनी पूर्वी एकदा ऐकली होती.

लेक पाळण्यात होती तेव्हाची गोष्ट. दुपारी तिला निजवायचं, खोलीचं दार लावायचं, आणि कितीही रडली तरी आत जायचं नाही, असा नियम सरांनी घालून दिला होता. रडणाऱ्या बाळाला घेणं म्हणजे त्याला रडण्याचं बक्षीस देणं, असं त्यांचे गुरू सांगत. बायको दाराबाहेर जमिनीवर गुडघ्यांत डोकं घालून बसे. सर त्याच दाराला पाठ लावून उभे राहत, ती आत जाऊ नये म्हणून. पोर आधी रडली, मग जास्त रडली, आणि मग एका दुपारी रडलीच नाही. दार उघडून पाहिलं, तर डोळे उघडे ठेवून छताकडे बघत पडली होती. सर खूश झाले. वर्गात जाऊन त्यांनी आनंदानं तो उतरत गेलेला आलेख काढला.

“सवय नाही मोडली तिची,” बायको त्या संध्याकाळी म्हणाली होती. “कुणी येत नाही, हे कळलंय ठकूला.”

“कळलंय, म्हणजे काय? ते मोजणार कसं?”

लेकीला ठकू म्हणणारी ती एकटीच. सर नेहमी कागदावरचंच नाव घेत.

सर उठले. त्यांनी उशी काढून काखेत मारली आणि फोन कानाला लावला. तो नुसताच गुणगुणत होता. त्यांचं बोट आकड्यांवर गेलं आणि तिथंच अडलं. लेकीचा नंबर त्यांना येत नव्हता. बायकोला तोंडपाठ होता. त्यांनी कधी लावलाच नव्हता.

तेवढ्यात दारावर थापा पडल्या.

“सर! अहो सर, आहात ना?”

खालच्या मजल्यावरच्या नर्सबाई होत्या. ड्यूटीचे कपडे अंगावर, हातात मोबाईल, जिने चढून धाप लागलेली.

“तुमच्या लेकीचा फोन आहे. किती घाबरलीये!” आणि मोबाईलमध्ये, “आहेत गं, समोर उभे आहेत धडधाकट. काखेत उशी घेऊन!”

सरांनी मोबाईल घेतला.

“बाबा?”

“हं.”

“फोन का घेत नव्हता? मी कधीची लावतेय. कुठं होता तुम्ही?”

न्हाणीघरात होतो, असं सहज म्हणता आलं असतं.

“इथंच होतो,” सर म्हणाले.

“इथंच? मग ऐकू येत नव्हतं का?”

“येत होतं. ऐकत होतो.”

पलीकडून एक हुंदका आला, दाबलेला, आणि त्यामागून रडणं. आई गेली तेव्हाही ती त्यांच्यासमोर रडली नव्हती. पोर खंबीर आहे, असं त्या वेळी सगळे म्हणाले होते, आणि सरांनीही ते अभिमानानं ऐकून घेतलं होतं.

दारातून नर्सबाईंनी मनगटावरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं. सरांचं तिकडे लक्ष नव्हतं. मोबाईल कान आणि खांद्यामध्ये धरून ते खिडकीपासून पलंगापर्यंत आणि पलंगापासून खिडकीपर्यंत चालायला लागले होते. मोबाईलमधलं रडणं दारापर्यंत ऐकू येत होतं. सर तिला गप्प हो म्हणाले नाहीत.

“ठकू,” एवढंच म्हणाले. जरा वेळानं पुन्हा, “ठकू.”

काखेतली उशी आता त्यांच्या छातीशी होती, आणि मोकळ्या हातानं ते तिला हळूहळू थोपटत होते. नर्सबाईंनी आणखी एकदा घड्याळ पाहिलं. मग दार हलकेच लोटून घेऊन त्या खिडकीजवळच्या खुर्चीत बसल्या.