मोल्दोकुलचं पोट

शाळेच्या आवारात उभ्या राहिलेल्या फिरत्या दवाखान्याच्या गाडीत सोनोग्राफीचं यंत्र एक, खाट एक, डॉक्टरीणबाई एक, चिकट जेलीच्या बाटल्या दोन. गाडीमागे धडधडणारा जनरेटर एक आणि त्याच्याशेजारी पेट्रोलचा अर्धा कॅन. गाडीपुढे रांग: म्हातारे नऊ, म्हाताऱ्या सहा, गुडघ्याला लोकरीचं फडकं बांधलेला शाळामास्तर एक, आणि दोन दिवस चाऱ्याला तोंड न लावलेला मेंढा एक. ज्यांच्यासाठी गाडी घाट चढून आली होती, त्या गरोदर बायका: एक. ती रांगेत नव्हती. ती रांगेला चहा देत होती.

तिचं नाव बेर्मेत. मोल्दोकुलची सून. पाचवा महिना संपून गेला होता आणि पोटात अजून काही हललं नव्हतं. गावातला दवाखाना उन्हाळ्यापासून कुलपात होता, नर्स लेकीकडे शहरात जाऊन बसली होती. त्यामुळे तपासण्याचं काम शेजारणींनी वाटून घेतलं होतं. कुणी गोवऱ्या मागायला यायची, कुणी विरजण मागायला, आणि जाताना सहज म्हणून बेर्मेतच्या पोटावर हात टेकायची.

"न्हाई बाई. दगडागत गप हाय."

"आमचा तर या दिसांत शिंगरागत उड्या मारायचा. मी भांडी घासू लागले की वाडगी उडायची."

बेर्मेत हसायची, आणि त्या गेल्या की गोठ्यात जाऊन गाईच्या अंगाला टेकून उभी राहायची, श्वास रोखून, आतलं काही ऐकू येतंय का पाहत. नवरा वर कुरणात उरलेली घोडी उतरवायला गेला होता. चार दिवसांत घाटात बर्फ बसणार होतं. म्हणजे ही गाडी आज गेली की थेट वसंतात येणार, आणि तोवर जे व्हायचं ते होऊन जाणार.

गाडी थांबली तशी डॉक्टर चिनारांनी पहिल्यांदा योग्य तेच विचारलं. त्या पायरीवर उभ्या राहून मोठ्यानं म्हणाल्या, "गरोदर बायका आधी! कोण आहे गरोदर?"

सगळी रांग समोरच्या डोंगराकडे बघायला लागली. सासऱ्यादेखत, अख्ख्या गावच्या वडीलधाऱ्यांदेखत असलं काही तोंडानं बोलायची रीत नव्हती. गावात प्रत्येकाला माहीत होतं आणि गावात कुणालाच माहीत नव्हतं. बेर्मेतनं नवऱ्याचा जुना कोट घातला होता, त्यात दोन बायका मावल्या असत्या. तिनं किटली उचलली. सासू उरुम्कान जमिनीवरचं काहीतरी शोधायला वाकली, पण तिथं काही नव्हतं.

"कुणीच नाही?" डॉक्टर म्हणाल्या. "मग आम्ही आलो कशाला?"

"आमी हाव की," सुयुनबाय म्हणाला. तो गावात सगळ्यांत वडील. "आमाला बगा. वयानं बगा."

आणि वयानं बघणं सुरू झालं. त्यातही भांडण निघालं, कारण काचिबेक आणि जुमाकादिर एकाच सालचे.

"मी बर्फ पडायच्या आदी जन्मलोय," काचिबेक म्हणाला.

"कुटलं बर्फ? तू झालास तवा तुजी आई स्लेजवर बसून माहेरावनं आली हुती. माजी आजी सांगायची."

"ती स्लेज चिखलात वढली हुती!"

शेवटी जुमाकादिर आधी गेला, कारण त्याला घाई होती. डॉक्टरांनी सगळ्यांना पाणी पिऊन, लघवी न करता थांबायला सांगितलं होतं. लोकांनी पाण्याऐवजी चहा प्यायला होता, आणि बेर्मेत तो ओततच होती. रांगेतला दर तिसरा माणूस आता एका पायावरून दुसऱ्या पायावर डोलत होता.

जुमाकादिर बाहेर आला तो छाती काढून.

"पित्ताशयात दोन खडे," त्यानं जाहीर केलं. "एक हरभऱ्याएवढा. पडद्यावर चकाकत हुता."

रांगेत कौतुकाची कुजबुज झाली. काचिबेक आत गेला आणि बराच वेळ बाहेरच येईना. आतून आवाज आला, "न्हाई म्हंजे? एकबी न्हाई? नीट बगा की बाई, त्याला दोन हायत!"

"तुम्ही ठणठणीत आहात, आजोबा."

"ठणठणीत म्हणून काय सांगू भाईर?"

तो बाहेर आला आणि सरळ रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिला, पुन्हा एकदा बघून घ्यायला. मेंढ्याच्या मालकानं मेंढ्याचं वय सांगून त्याला म्हाताऱ्यांत घुसवायचा प्रयत्न केला, तो मात्र रांगेनं एकमतानं हाणून पाडला.

दुपार कलली. बेर्मेत किटली घेऊन रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली की परतेपर्यंत टोक आणखी लांब झालेलं असायचं. खालच्या वस्तीतून लोक येतच होते. त्यातला प्रत्येक जण तिच्याहून मोठा. उरुम्कानजवळ पोहोचल्यावर ती हळूच म्हणाली, "अपा, पेट्रोल संपत आलंय."

"दिसतंय मला."

"मग?"

"मग काय? समद्यांच्या म्होरं जाऊन झोपू म्हंतीस? लोक काय म्हंतील?" सासूनं पियाला पुढं केला, पण डोळे गाडीमागच्या कॅनवर होते, त्यामुळे अर्धा चहा बाहीवर सांडला. "वत. गप वत."

गाडीचा ड्रायव्हर वीत्या कॅन उलटा करून हलवत होता. "बाई," त्यानं ओरडून सांगितलं, "आणखी एक माणूस होईल. फार तर दीड."

पुढचा माणूस होता मोल्दोकुल. बेर्मेतचा सासरा. गावच्या म्हाताऱ्यांत तो सगळ्यांत लहान, म्हणून त्यांच्यात शेवटी. पहाटे गाडी यायच्या आधीपासून तो आवारात उभा होता, आणि का ते कुणाला कळलं नव्हतं. त्याला आजवर साधं पडसंही झालं नव्हतं.

तो पायरीपाशी थांबला. मान वळवून त्यानं कुणाकडेतरी बघितल्यासारखं केलं, मग बघितलं नाही. कानांपर्यंत लाल झाला. आणि आत जाऊन स्वतःच खाटेवर आडवा पडला.

डॉक्टरांनी चहा मागितला होता, म्हणून बेर्मेत पियाला घेऊन पायरीवर उभी होती. दाराच्या फटीतून तिला सासऱ्याचे बूट दिसत होते. आता संपलं, तिच्या मनात आलं. शेवटचं पेट्रोल यांच्या पोटावर गेलं.

"काय त्रास आहे, आजोबा?"

"हालत न्हाई."

"काय हलत नाही?"

"प्वाटात. एकवीस आठवडं झालं."

डॉक्टरांनी त्याच्या पोटावर जेली लावता लावता हात थांबवला.

"एकवीस आठवडे," डॉक्टर सावकाश म्हणाल्या. "मळमळ?"

"पैल्यांदा लई. मटन शिजाय लागलं की परसात पळायचं. चवथ्यात थांबली. आता भूक लागती, पर जेवलं की छातीत जळतंय. रातच्याला पिंडरीत गोळा येतो, मग भित धरून उबं ऱ्हायचं, कुणाला उठवायचं न्हाई." तो थांबला. "आन् चुलीतली माती खातंय. चोरून."

"तुम्ही?"

"व्हय. मीच."

पायरीवर बेर्मेतच्या हातातला पियाला तिरका झाला. मातीचं तिला वाटत होतं की कुणालाच माहीत नाही. लग्नाच्या दिवसापासून या माणसानं तिच्या तोंडाकडे एकदाही पाहिलं नव्हतं.

"रक्त गेलं का? पाणी?"

"ते मला म्हाईत न्हाई." मोल्दोकुलनं तोंड गाडीच्या भिंतीकडे फिरवलं. "ते मला इचारता येत न्हाई, बाई."

"आजोबा, हे पोट आत्ता तुमच्याजवळ आहे का?"

"न्हाई. भाईर हाय. चहा देतंय."

डॉक्टरांनी दार उघडलं. पायरीवरच्या कोटाकडे त्यांनी एकदा नीट पाहिलं, मग रांगेला म्हणाल्या, "मोल्दोकुल आजोबांची तपासणी अपुरी राहिलीय. त्यांचं पोट बाहेर आहे. सुनेकडे. तिला आत येऊ द्या."

"आसं कसं?" काचिबेक शेवटून ओरडला. "प्वाट तर त्यो संगट घिऊन गेला की आत! म्या बगितलं!"

"ते वायलं असंल," रांगेतून कुणीतरी म्हणालं.

"येकाला दोन प्वाटं? आन् मला खडा येक न्हाई!"

गलका वाढला, तसा सगळ्यांनी सुयुनबायकडे बघितलं. तो काठीवर हनुवटी टेकवून विचार करत होता. खटल्यात मुद्दा नवा होता. शेवटी तो म्हणाला, "पाळी मोल्दोकुलची हाय. व्हय का न्हाई?"

"व्हय."

"मग त्यानं आपलं प्वाट कुटं ठिवावं, ही त्याच्या घरातली गोष्ट. गावानं त्यात पडू नये."

उरुम्कान पुढं झाली आणि बेर्मेतच्या हातातून किटली जवळजवळ ओढूनच घेतली. "जा. त्येंचं प्वाट घिऊन जा आत," ती म्हणाली आणि सगळ्या गावादेखत स्वतः रांगेला चहा ओतायला लागली, डोळे पुसायला हात मोकळा नव्हता म्हणून नाक ओढत. मोल्दोकुल खाली उतरला. सदरा त्यानं अंगापासून लांब धरला होता, पोटावर जेली तशीच. तो डोंगराकडे तोंड करून उभा राहिला.

खाट अजून गरम होती, जेली मात्र थंडगार. बेर्मेतनं डोळे मिटून घेतले.

"बघ इकडे," डॉक्टर म्हणाल्या. "हे डोकं. हा कणा, पार खालपर्यंत नीट मिटलेला. दोन मूत्रपिंडं. हे हृदय, आत चार कप्पे, मोजून घे."

करड्या धुक्यात काहीतरी सरकलं. मग एक पाय लांब झाला आणि जोरात झाडला गेला. पुन्हा. पुन्हा.

"हे कोन हालवतंय?"

"तोच हलतोय. सकाळपासून चाललं असेल."

"मग मला का न्हाई कळत?"

"वार पुढच्या बाजूला आहे. तुझ्या पोटाच्या आणि त्याच्या मध्ये गादीसारखी. तो लाथा मारतो, त्या गादीत जिरतात. पुष्कळ जणींचं असं असतं. आणखी काही आठवड्यांनी गादीलाही आवरणार नाही."

जनरेटर खोकला. पडदा एकदा काळा होऊन परत उजळला. बाहेरून वीत्यानं रशियनमध्ये काहीतरी म्हटलं, ते बहुधा प्रार्थनेतलं नव्हतं.

"मांडीचं हाड पस्तीस मिलिमीटर," डॉक्टर भराभर म्हणाल्या. "आता श्वास रोखू नकोस, घे. ठोके तेवढे मोजते."

टप-टप-टप-टप, घोडं उतारावरून यावं तसा आवाज गाडीत भरला, दारातून बाहेर गेला, आणि बाहेरची रांग गप्प झाली. मेंढासुद्धा. मग यंत्र विझलं. डॉक्टरांनी दारातून डोकं बाहेर काढलं.

"मोल्दोकुल आजोबा! तुमच्या पोटातले ठोके: मिनिटाला एकशे एकोणपन्नास."