टाचणीकाकूंच्या गुडघ्याचे तीन मालक

चाळीस वर्षं कपडे शिवताना तोंडात टाचण्या धरायची सवय, म्हणून गल्लीने त्यांना टाचणीकाकू करून टाकलं. तोंडात टाचण्या असल्या की बोलता येत नाही, आणि जो बोलत नाही त्याचा होकारच असतो, असा घरच्यांनी सोयीस्कर समज करून घेतला होता.

अडुसष्टाव्या वर्षी काकूंचा उजवा गुडघा रुसला. सकाळी पलंगावरून उतरताना कुरकुर, मशीनवरून उठताना डोळ्यांत पाणी आणणारी कळ. गुडघा काकूंचा, पण त्याला मालक लाभले तीन.

"सरळ नवा बसवून टाकू," मुलगा म्हणाला. जसं काही पंक्चर झालेलं चाकच बदलायचंय.

"आधी टोमॅटो बंद कर. बटाटा बंद. दूध तर विषच," लेक फोनवरून म्हणाली. महिनाभरात काकूंच्या ताटात मीठ आणि उपदेश एवढंच उरलं.

सुनेने चुंबकाचा पट्टा आणला. त्याने दुखणं काही ओढलं नाही; मेजावरच्या टाचण्या मात्र सगळ्या ओढल्या. काकू दिवसभर साळिंदरासारख्या फिरल्या.

शेवटी मुलाने ऑफिसातल्या कुणाच्या तरी वडिलांना लागू पडलेल्या गोळ्या आणल्या. दिवसाला तीन. गुडघा गप्प झाला तसं पोट बोलायला लागलं. तिसऱ्या आठवड्यात काकू एका गिऱ्हाइकाच्या खांद्याचं माप घेता घेता घेरी येऊन त्याच्याच अंगावर कोसळल्या.

मग डॉक्टरीण. घेरीचं ऐकून लेकही धावत आली होती, आणि डॉक्टरणीच्या खोलीत तिघेही घुसले.

"दहापैकी किती दुखतं?" तिने काकूंना विचारलं.

"आठ," मुलगा म्हणाला.

"पाच असेल. आईंना जरा सवयच आहे कण्हायची," सून म्हणाली.

"तिने काल टोमॅटो खाल्ला होता का, ते आधी विचारा," लेक म्हणाली.

डॉक्टरणीने पेन खाली ठेवलं. "गुडघा कुणाचा आहे? तो इथे थांबेल. बाकीचे बाहेर."

दार लागलं आणि काकू वीस मिनिटं बोलल्या. इतकं सलग आपण शेवटचं कधी बोललो होतो, तेही त्यांना आठवेना. डॉक्टरीण मधे एकदाही बोलली नाही. मग तिने गोळ्यांचं पाकीट आधी कचऱ्यात टाकलं आणि पोटाच्या तपासण्या लिहून दिल्या.

"हे दुखणं मुळापासून जाणार नाही. जाईल म्हणणाऱ्यापासून लांब राहा," ती म्हणाली. "पण लहान करता येईल. मांडीच्या स्नायूंचा व्यायाम रोज. मशीनवर अर्ध्या तासाच्या वर बसायचं नाही. वरून लावायला मलम देते. चालताना काठी धरा, लाज सोडा. ऑपरेशन नंतरही करता येतं, आणि ते तुम्हाला हवं असेल तर. तुम्हाला काय जमायला हवंय?"

असं काकूंना आजवर कुणी विचारलं नव्हतं.

"बाजारात एकटीने जायचंय," त्या म्हणाल्या. "बरोबर कुणी नको."

बाहेर येताच तिघांनी घेरलं. "काय म्हणाल्या? काय म्हणाल्या?"

काकूंनी पदर सावरला. "आजार अवघड आहे म्हणाल्या. घरात कुणी सल्ला दिला की सूज वाढते."

लेकीला खरंच वाटलं. "कोणत्याही सल्ल्याने?"

"नातेवाइकांच्या जास्त."

अडीच महिने काकू खुर्चीत बसून पाय सरळ उचलत राहिल्या, दर वेळी डॉक्टरणीला आणि तिच्या सात पिढ्यांना शिव्या देत. काकूंच्या मोजणीत दुखण्याच्या आठाचे चार झाले. चाराचे तीन काही होईनात. थंडीत तर पुन्हा सहा. तरी एका सकाळी त्या काठी घेऊन एकट्या बाजारात गेल्या, दोनदा बाकावर टेकल्या, आणि अर्धा किलो टोमॅटो घेऊन आल्या.

दारात सून म्हणाली, "आई, टोमॅटो?"

"चिर," काकू म्हणाल्या, आणि पाय स्टुलावर ठेवून बसल्या.