अरमानच्या पेपरावरचं ‘श्री’

अरमानच्या उत्तरपत्रिकेवर सगळ्यात वर ठसठशीत ‘श्री’ लिहिलेलं सापडलं आणि तिथंच बिंग फुटलं. दस्तगीर मेस्त्रीचा पोरगा ‘श्री’ काढून गणित सोडवायला बसत नाही, हे प्रवेशपरीक्षेचे पेपर तपासणाऱ्या बीडच्या निवासी शाळेतल्या साहेबांना कुणी सांगायची गरज नव्हती. त्यांनी त्याच्या गावातल्या सगळ्या पोरांचे पेपर काढले. प्रत्येकावर ‘श्री’. प्रत्येकात तेच उदाहरण त्याच ओळींत सोडवलेलं, आणि मधे एक आकडा खोडला होता तोही सगळ्यांनी इमानेइतबारे खोडलेला.

‘श्री’ मूळचं शिवकन्याचं. तिच्या वडिलांच्या, धोंडप्पांच्या, किराणा दुकानात ‘श्री’ लिहिल्याशिवाय कागदावर आकडा पडत नसे, तीच सवय तिला लागलेली. पेपर मात्र तिनं कुणाला दिला नव्हता. गावच्या शाळेत गणित शिकवणारे आदिनाथ सरच परीक्षेला देखरेखीवर होते. त्यांनी तिच्या हातातला पेपर काढून घेतला आणि बाकाबाकावर फिरवला. गावाची सगळी पोरं बीडला लागली की शाळेचं नाव होईल, आणि शाळेचं म्हणजे कुणाचं, ते सांगायला नको. ज्यांनी तिला मूळ अवयव शिकवले त्यांनाच नको कसं म्हणायचं, हे तिला कुठं शिकवलं होतं?

आता साहेबांनी पोरांना आईबापांसकट बीडला बोलावलं. नियम सरळ सांगितला. ज्यांनी नक्कल केली त्यांची पुन्हा परीक्षा होईल. ज्यानं नक्कल पुरवली त्याचं नाव कायमचं बाद. एकेकाला आत घेऊन एक उदाहरण घालणार, ज्याला ते येईल त्याचाच तो पेपर. व्हरांड्यात आदिनाथ सरांनी शिवकन्याला बाजूला घेतलं.

“येत न्हाई म्हण. फेरपरीक्षेत तू पास होशीलच की. माझं नाव मातर घेऊ नको.”

तिला ते पटलं. पटण्यासारखंच होतं. फक्त आत गेल्यावर शेजारच्या खुर्चीत तिचे अप्पा बसणार आहेत, याचा विचार सरांनीही केला नाही आणि तिनंही.

कड्याहून स्थळ आलेलं होतं. पोरगी जेमतेम पंधराची, पण भाऊबंद मागं लागलेले. धोंडप्पांनी सगळ्यांना एकच सांगून ठेवलं होतं की पोरीला खरंच डोकं असलं तर शिकवीन, नुसतं पाठ करून पास होत असली तर उजवून टाकीन.

साहेबांनी कागद पुढं सरकवला. बाराचा कितवा घात केला म्हणजे २०७३६ येतात? शिवकन्यानं आकड्याकडं बघितलं आणि तो आपोआप सुटायला लागला. दोननं भाग जातो, पुन्हा जातो, जातच राहतो. आठ वेळा दोन निघाले की खाली एक्याऐंशी उरतात, म्हणजे चार वेळा तीन. एका बारात दोन वेळा दोन आणि एकदा तीन. आठ दोनांचे निम्मे चार, आणि तीनही चारच. घातांक चार. दोन्ही बाजूंनी जुळलं की तिला नेहमी पोटातून हसू यायचं, तसं आत्ताही आलं आणि ते तिनं गिळलं. अप्पा कागदाकडं वाकून बघत होते, त्यांच्या तोंडावर मोठी आशा होती.

“येत न्हाई,” ती म्हणाली.

साहेब भला माणूस. “घाबरू नको, पुन्हा बघ,” म्हणाले. तिनं मान हलवली. अप्पा हळूच मागं टेकले.

फाटकाबाहेर येताच तिनं त्यांची बाही धरली. “अप्पा, चार. उत्तर चार हाय. मला येतंय.”

“मग तवा कावून न्हाई सांगितलं?”

तिनं घाईघाईनं सगळं सांगितलं, नियम, पेपर, सर. धोंडप्पांनी शांतपणे ऐकलं. वाईट माणूस नव्हता तो. त्याला विश्वास ठेवायचाच होता. आदिनाथ सर मोटरसायकल काढत होते, त्यांच्यापाशी धोंडप्पा गेले.

“सर, माझ्या गळ्याची आण, खरं सांगा. पोरीला येतंय का ते गणित?”

सरांनी मागं फाटकाकडं बघितलं. साहेब तिथंच, हाकेच्या अंतरावर, कुणाशी तरी बोलत उभे होते. होय म्हणावं तर पेपर पोरीचा ठरतो, आणि पेपर पोरीचा ठरला की तो फिरवला कुणी हाही प्रश्न येतो.

“कष्टाळू हाय पोरगी,” सर म्हणाले, “पण गणितात जरा कच्चीच.”

शिवकन्या सरांच्या तोंडाकडं बघत राहिली. त्यांनी तिच्याकडं बघितलं नाही. गाडीला किक मारली.

पुन्हा परीक्षेला बसायचं विचारायला तिनं तोंड उघडलं, तोवर अप्पांनी फोन कानाला लावला होता. कड्याचे पाहुणे पलीकडून मोठ्यानं बोलत होते. अप्पा म्हणाले, “हां, सोमवारी या पोरगी बघायला. आमचं काय अडत न्हाई आता.”